कट-कट गेली: सक्करदऱ्याच्या लॅपटॉपवाल्याचं काम कसं आहे?

नागपुरात लॅपटॉप दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतात. स्क्रीन फुटली, की-बोर्डवर चहा सांडला, विंडोज उडालं, तर बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जा, संध्याकाळपर्यंत मशीन हातात मिळतं. पण ‘रेकॉर्डिंग करताना कट-कट येते आणि आवाज उशिरा ऐकू येतो’ अशी तक्रार घेऊन गेलात की निम्मे जण स्पीकर बदला म्हणतात आणि बाकीचे रॅम वाढवा म्हणतात. यातलं काहीही न म्हणणारा एक माणूस सक्करदरा चौकापासून तलावाकडे जाताना डाव्या हाताला बसतो. दुकानाच्या पाटीवर ‘लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही’ एवढंच लिहिलंय, आणि नाव-नंबर कुठे देऊ नका असं त्यानंच सांगितलंय. त्यामुळे मी फक्त त्याच्या कामाबद्दल लिहितो.

आधी माझी गरज काय ती सांगतो, म्हणजे तुमची तीच आहे की नाही ते कळेल. मी कीबोर्ड वाजवतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, आणि १४ एप्रिल व अशोक विजयादशमीच्या आधी घरी भीमगीतांचे ट्रॅक. नंदनवनातल्या घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, तिला पडदे आणि जुन्या गाद्या लावून स्टुडिओ म्हणतो. आय-फाइव्हचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर. रीपर घेतलं कारण ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, आणि लहान धंदेवाल्यांसाठी लायसन्स ६० डॉलरचं आहे. मशीनला फार ओझंही होत नाही.

माझं काम असं की मी की दाबली की लॅपटॉपमधली बासरी किंवा शहनाई वाजायला पाहिजे, आणि ती मला तिथल्या तिथे ऐकू यायला पाहिजे. इथे बफरचा प्रश्न येतो. लॅपटॉप आवाज सुटा-सुटा पाठवत नाही, गठ्ठ्यानं पाठवतो. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला आवाजाचे ४८,००० तुकडे, म्हणजे सॅम्पल, आणि बफर ५१२ सॅम्पलचा ठेवला तर एक गठ्ठा भरायला १०.७ मिलिसेकंद लागतात. १२८ ठेवला तर २.७. त्यात इंटरफेसचा आणि त्याच्या ड्रायव्हरचा (विंडोजला ते यंत्र वापरू देणारं सॉफ्टवेअर) स्वतःचा वेळ मिळवा. माइकवरून गाणाऱ्याला तर आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, असा दोन्हीकडून फटका बसतो.

दहा मिलिसेकंद म्हणजे काय मोठंसं, असं म्हणणारे भेटतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर असला की मॉनिटरचा स्पीकर माझ्यापासून अकरा फुटांवर ठेवल्यासारखं होतं. मंचावर तेवढं चालून जातं, भजनात तर कळतही नाही. पण ढोलकीच्या ठेक्यावर बसवलेला पीस वाजवायचा असेल तर बोटं पुढे आणि कान मागे राहतात, मग हात आपोआप घाई करायला लागतो. वीस-तीसच्या वर गेलं की मी वाजवणंच सोडून देतो.

माझी तक्रार अशी होती: ५१२ वर सगळं ठीक, पण वाजवायला जड. १२८ वर आणलं की कट-कट. जानेवारीत २५६ वर भागत होतं, मार्च लागला आणि २५६ वरही फुटायला लागलं. ऐन एप्रिलच्या तोंडावर. बर्डीतल्या एका दुकानदारानं मशीन उघडूनही न बघता १६ जीबी रॅम आणि नवीन एसएसडी असा सहा हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. तो कागद खिशात घालून मी सक्करदऱ्याला गेलो.

तिथे पहिलंच वाक्य ऐकून बरं वाटलं. “दादा, एकटं मशीन पाहून काही समजत नाही. तुमचा इंटरफेस आणा, हेडफोन आणा, चार्जर आणा, अन् ज्या गाण्यात कट येऊन राहिला तेच गाणं उघडून दाखवा.” हा माणूस संगीतातला नाही. सा कुठे आणि पा कुठे हे त्याला सांगता येणार नाही, तसं त्यानं स्वतःच सांगितलं. पण त्यानं विचारलेले प्रश्न नेमके होते. कट फक्त ऐकताना येतो की फाइलीत रेकॉर्ड होतो? परत वाजवल्यावर त्याच जागी येतो की दुसऱ्याच? बॅटरीवर येतो की चार्जरवर? घरचा कूलर चालू होताना ‘टक्’ येतो तो वेगळा, हे त्यानं मी न सांगता ओळखलं. तो विजेच्या लाइनचा आणि अर्थिंगचा रोग, त्याचा बफरशी संबंध नाही, वायरमनला बोलवा म्हणाला.

मग त्यानं लेटन्सीमॉन लावलं. हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, ज्याला शंका असेल त्यानं दुकानात जायच्या आधी घरीच चालवून बघावं. विंडोजमधला कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो ते ते मोजतं. तिकीट खिडकीवर सगळे रांगेत उभे असताना पास दाखवून पुढे घुसणारे असतात ना, तसे काही ड्रायव्हर असतात. त्यांचं काम होईपर्यंत ऑडिओला थांबावं लागतं. २.७ मिलिसेकंदांत पुढचा गठ्ठा तयार पाहिजे आणि त्यातले दोन मिलिसेकंद दुसऱ्यानंच खाल्ले, तर गठ्ठा वेळेत पोचत नाही. तोच कट.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू जेमतेम तीस टक्के दिसतो, मग कट कशाचा, हे कोडं मला बरेच दिवस छळत होतं. त्यानं स्क्रीनवर दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून दाखवलं. ते तीस टक्के म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्या कोअरची, म्हणजे आतल्या कामगारांची, मिळून एका सेकंदाची सरासरी. मी ज्या ट्रॅकवर वाजवतो त्यातली साखळी, म्हणजे वाद्य, मग इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणं), मग रिव्हर्ब (घुमारा), ही एकामागून एकच चालते. ती चार कोअरमध्ये वाटता येत नाही. तीन कोअर रिकामे बसलेले असताना एकाचा दम संपतो, आणि सरासरीत ते कुठेच दिसत नाही.

पाच-सात मिनिटांत लेटन्सीमॉनची हिरवी पट्टी लाल झाली. यादीत सगळ्यात वर एनडीआयएस डॉट सिस, म्हणजे नेटवर्क. त्यानं डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय डिसेबल केलं, मोजणी पुन्हा सुरू केली आणि चहा मागवला. “रॅमचं इथं काही काम नाही दादा. तुमचं वायफायच रस्त्यात येऊन राहिलं.” चहा संपेपर्यंत पट्टी हिरवी होती. मग एकदाच छोटी उडी आली, यावेळी एसीपीआय डॉट सिस, म्हणजे पॉवर आणि बॅटरीची विचारपूस करणारा भाग. बॅटरीचं एक डिव्हाइस बंद केल्यावर तीही गेली. त्यासोबत कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्हही गेलं, त्यामुळे किती चार्ज उरलाय ते आता दिसत नाही. रेकॉर्डिंग करताना चार्जर लावलेलाच असतो म्हणून मला चालतं. कॉलेजच्या पोराला चालणार नाही, त्यानं आधीच सांगावं.

त्यानं केलेल्या बारीकसारीक गोष्टी: यूएसबी पोर्ट झोपी जाऊ नये म्हणून सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, इंटरफेस हबमधून काढून थेट मशीनला, सॅम्पलच्या (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या) फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून सूट, आणि डेस्कटॉपवर दोन आयकॉन, एक दाबला की वायफाय-ब्लूटूथ बंद, दुसरा दाबला की चालू. प्रोसेसर शेड्यूलिंग ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’वर करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तेही त्यानं केलं, मोजलं, आणि “या मशीनवर यानं काही फरक पडत नाही, पण राहू द्या” म्हणाला. न पडलेल्या फरकाचे पैसे लावले नाहीत, हे विशेष.

आता खरी गोष्ट. एवढं सगळं करून दुकानात १२८ वर गाणं स्वच्छ वाजलं. दुकानात एसी होता. तो म्हणाला, आता बाहेरच्या बाकावर बसून वाजवा. मार्चची दुपार, चाळीसच्या आसपास ऊन. वीस मिनिटांनी कट-कट परत. त्यानं प्रोसेसरचा वेग दाखवणारी खिडकी उघडी ठेवली होती. वेग तीन गिगाहर्ट्झच्या वरून एकदम दीडच्या खाली यायचा, काही सेकंद तिथेच राहायचा, मग पुन्हा वर. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. वेग पडला त्या क्षणी माझी बासरी फुटायची. जानेवारीत चाललेलं मार्चमध्ये का फुटलं, त्याचं उत्तर तिथे बाकावर मिळालं.

मग त्यानं मागचं झाकण काढलं. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा असा जाड थर की चिमट्यानं धरून ओढला तर अख्खाच्या अख्खा पट्टीसारखा निघाला. आमच्या रस्त्याच्या सिमेंटीकरणाची धूळ, आणि त्यावर कूलरचा ओलावा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) नखानं खरवडली तर पांढरा भुगा पडला. साफसफाई, नवी पेस्ट, पंख्याच्या बेअरिंगला एक थेंब तेल. हे काम कुठलाही बरा रिपेअरवाला करेल, पण ‘ऑडिओत कट येतो’ या तक्रारीवर झाकण उघडणारा मला हाच भेटला.

त्याच्या डोक्यातली सगळ्यात कामाची गोष्ट पॉवर प्लॅनची. इंटरनेटवर जिथे बघावं तिथे सांगतात, हाय परफॉर्मन्स लावा, प्रोसेसर कायम शंभर टक्क्यांवर ठेवा, बायोसमध्ये सी-स्टेट बंद करा, म्हणजे प्रोसेसर झोपणारच नाही. सल्ला खोटा नाही. झोपेतून उठायला प्रोसेसरला वेळ लागतो आणि तो वेळ ऑडिओला महागात पडतो. पण तो सल्ला देणाऱ्याच्या खोलीत बावीस डिग्री असते. मे महिन्यात नागपूर ४५ च्या वर जातं, आणि गायिका माइकसमोर उभी राहिली की कूलर बंद करावाच लागतो, नाहीतर त्याची घरघर टेकमध्ये येते. अशा खोलीत प्रोसेसरला शंभरावर ताणून धरलं तर तो दहा मिनिटांत तापून स्वतःच खाली बसणार.

म्हणून त्यानं दोन प्लॅन बनवून दिले, नावंच ‘उन्हाळा’ आणि ‘हिवाळा’. हिवाळ्यात प्रोसेसरची किमान आणि कमाल पातळी दोन्ही शंभर टक्के. उन्हाळ्यात दोन्ही नव्व्याण्णव. हा एक टक्का फसवा आहे. कमाल ९९ केली की इंटेलचा टर्बो बूस्ट बंद होतो, म्हणजे प्रोसेसर उड्या मारत नाही, आपल्या मूळ वेगावर बसून राहतो. कागदावर मशीन हळू होतं. पण ऑडिओला उंच उडी नको असते, सारखा वेग पाहिजे असतो. “पळवू नका, चालवा,” असं तो म्हणाला. वरून फायदा असा की पंखा ओरडत नाही, आणि माझ्या खोलीत माइक लॅपटॉपपासून फार लांब नाही.

निकाल सांगतो. उन्हाळा प्लॅनवर, वायफाय बंद, ४८,००० आणि १२८. रीपरच्या वरच्या कोपऱ्यात आता ४.९/६.१ मिलिसेकंद दिसतात, म्हणजे आत यायला आणि बाहेर जायला. बारा-चौदा ट्रॅकचं गाणं, बासरी थेट वाजवतोय, कूलर बंद, दारं बंद, अंगाची लाही होतेय, पण कट नाही. ६४ वर जाऊन बघितलं, अधूनमधून फुटतं. या मशीनकडून त्याहून जास्तीची अपेक्षाही नाही. मिक्सिंगला बसलो की बफर १०२४ वर नेतो, तेव्हा वाजवायचं नसतं, उशीर झाला तरी कुणाला फिकीर.

एप्रिलच्या गाण्यांसाठी आमच्या वस्तीतल्या एक काकू गायला येतात. त्यांची तक्रार वेगळी होती, “माझा आवाज मलेच पोकळ लागून राहिला.” उशीर पाच-दहा मिलिसेकंदांवर आला तरी गाणाऱ्याला हा त्रास होतो, कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांतून तत्काळ ऐकू येतो आणि हेडफोनमधून थोडा मागून. दोन्ही मिसळून काही सूर कापले जातात. यावर रिपेअरवाल्याकडे इलाज नाही आणि लागतही नाही. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता सरळ हेडफोनला मिळतो. फक्त रीपरमधलं मॉनिटरिंग त्या ट्रॅकवर बंद ठेवायचं, नाहीतर दोन-दोन आवाज येतात. मला हे बटण कामाचं नाही, कारण माझी बासरी लॅपटॉपच्या आतच तयार होते.

आता न आवडलेलं. त्यानं मला न विचारता विंडोज अपडेट कायमचे बंद केले होते आणि नंतर अँटिव्हायरसही पूर्ण बंद करून टाकला होता. ‘ऑडिओच्या मशीनला हे लागत नाही’ असं त्याचं मत. मला पटलं नाही. याच लॅपटॉपवर माझं बँकेचं काम चालतं, लोक पेनड्राइव्हवर ट्रॅक आणून देतात. मी दोन्ही परत चालू केले, फक्त सॅम्पलच्या फोल्डरची सूट ठेवली, आणि अपडेट सीझन संपेपर्यंत पुढे ढकलले. लेटन्सीमॉनमध्ये त्यानं काहीही बिघडलं नाही. तेव्हा मशीन देतानाच त्याला सांगा की या दोन गोष्टींना हात लावू नको.

पक्कं बिल मिळत नाही. वहीच्या पानावर लिहून देतो. वेळेचं तर विचारूच नका, ‘उद्या सकाळी’ म्हणजे परवा दुपार. फोन उचलतो तेव्हा उचलतो. आणि प्लगइनबद्दल, म्हणजे रीपरमध्ये जोडायच्या इफेक्टबद्दल, त्याला काही माहिती नाही. मास्टरवर, म्हणजे सगळं गाणं जिथून बाहेर पडतं त्या ट्रॅकवर, लुक-अहेडवाला लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारा) किंवा लिनिअर फेज इक्यू लावून ठेवला असेल तर मशीन कितीही साफ असलं तरी उशीर परत येतो, कारण ते प्लगइन पुढचं आधी बघून घेतात आणि तेवढा वेळ सगळ्या गाण्याला थांबवतात. वाजवताना ते बंद ठेवायचे, मिक्सला लावायचे. जड वाद्यांचे ट्रॅक फ्रीज करायचे, म्हणजे त्यांचा ऑडिओ आधीच बनवून ठेवायचा. हे तुमचं तुम्हालाच बघावं लागेल, ते त्याच्या दुकानात मिळणार नाही.

पैसे: साफसफाई आणि पेस्टचे ७००, सेटिंगचे ८००. एकूण पंधराशे, बर्डीच्या कागदावरच्या आकड्याच्या चौथाई. रॅम मी नंतर घेतलीच, १६ जीबी केली, कारण तबला आणि तंतुवाद्यांचे मोठे सॅम्पल एकदम लोड करताना ८ पुरत नव्हती. त्यासाठी रॅम उपयोगी आहे. कट-कटीवर तिचा इलाज नव्हता, आणि हे मला आधी कळलं ते याच्यामुळे.

कुणी जावं? विंडोजचा लॅपटॉप असेल, बरा इंटरफेस असेल, आणि वाजवताना किंवा गिटारला लॅपटॉपमधला अ‍ॅम्प लावताना कट येत असेल, तर जरूर जा. लॅपटॉपच्या साध्या जॅकवर काम करत असाल तर आधी इंटरफेस घ्या. असिओ फॉर ऑल हा ड्रायव्हर लावून थोडंफार सुधारतं, मीही दोन सीझन त्यावर काढले, पण ते विंडोजच्याच ड्रायव्हरवर घातलेलं पांघरूण आहे. स्टाइनबर्ग या ऑडिओ सॉफ्टवेअरच्या कंपनीनं १९९७ मध्ये असिओ आणलं तेच मधले थर टाळून सॉफ्टवेअरला थेट साउंड कार्डशी बोलता यावं म्हणून, आणि त्याचा पुरता फायदा इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तेव्हाच मिळतो. ब्लूटूथ हेडफोनवर मॉनिटर करणाऱ्यांनी तर जाऊच नये. तिथे शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर हेडफोनमध्येच असतो, तो कुणाच्या बापाला काढता येणार नाही. नुसतं निवेदन किंवा पॉडकास्ट करत असाल तर बफर १०२४ ठेवा, डायरेक्ट मॉनिटर दाबा आणि पंधराशे रुपये वाचवा. मॅकवाल्यांना तो दारातूनच परत पाठवतो.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, उन्हाळ्यात पाचपर्यंत. पोळ्याच्या आणि मारबतीच्या दिवशी सापडणार नाही. जाताना इंटरफेस, त्याची मूळ यूएसबी केबल, हेडफोन आणि कट येणारं गाणं सोबत न्या. चार्जर नेला नाहीत तर घरी परत जावं लागेल, बॅटरीवर प्रोसेसर वेगळा वागतो म्हणून तो मोजायलाच बसत नाही.